पाटीवरचं 'कृपया'

"वहिनी, खिचडीत जिरं घातलं का? आमच्यात उपासाला जिरं चालत न्हाई."

हे विचारणाऱ्या माणसाच्या दोन बोटांत तेव्हा पेटलेली सिगारेट होती. जिरं चालत नाही, सिगारेट चालते. मी ताट हातात घेऊन जिन्यात उभी होते आणि मला वाटलं, ही खिचडी याच्या डोक्यावर पालथी करावी आणि मग विचारावं, बोला, आणखी काय काय चालतं तुमच्यात? केली नाही. घरातल्या खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाईला असल्या गोष्टी मनातल्या मनातच कराव्या लागतात.

आमचं घर राजूरला, गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या चढाच्या पायथ्याशी. समोर नवऱ्याचं नारळ, दुर्वा, हळदी-कुंकवाचं दुकान. खाली आम्ही राहतो आणि वरच्या दोन खोल्या चतुर्थीला येणाऱ्या लोकांना देतो. चतुर्थी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी असली, की जालन्याकडून, भोकरदनकडून माणसांची रीघ लागते आणि खोल्या कितीतरी आधी सांगून ठेवलेल्या असतात. लोक चांगले असतात. पायताणं बाहेर काढतात, पोरांना नमस्कार करायला लावतात, अंथरुणं घडी घालून जातात. खिशातून सिगारेट बाहेर येईपर्यंत सगळेच चांगले असतात.

आमचे हे त्यांना भाडेकरू म्हणत नाहीत, गिऱ्हाईक तर मुळीच नाही. पाव्हणे म्हणतात. "पाव्हणे आले, चहा टाक." "पाव्हण्यांना गरम पाणी दे." आता, माणूस एकदा पाव्हणा झाला की त्याला बोलायची सोयच राहत नाही. तो दारात आला तेव्हापासून चुकीचा असा होतच नाही. पाव्हण्यानं चादरीला भोक पाडलं, पाव्हणे हायेत, जाऊ दे. पाव्हण्यानं मोरीत सिगारेट ओढली आणि वास जावा म्हणून माझ्याच देवघरातली उदबत्ती नेऊन लावली, पाव्हणे हायेत, जाऊ दे. त्या दिवशी मोरीत मोगरा आणि तंबाखू यांचा असा काही वास कोंडला होता की मी दोन दिवस मागच्या अंगणात नळाखाली अंघोळ केली. यांना काहीच वास आला नाही. यांना पाव्हण्याचा कुठलाच वास येत नाही.

एकानं तर माझ्या तुळशीत थोटकं खोचली. सकाळी पाणी घालायला गेले तर मातीत ओळीनं उभी, रोपं लावल्यासारखी. मी तशीच ओल्या हातानं वर गेले. तो माणूस कपाळाला गंध लावत होता. म्हणाला, "सॉरी मॅडम, कुंडी वाटली." कुंडी! वृंदावनावर हळद-कुंकू, पुढ्यात पणती, आणि शंभर पायऱ्या चढून देवाला निघालेल्या या माणसाला ती कुंडी वाटली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं.

तेव्हाच मी पाटी करून घ्यायचं ठरवलं. रंगाऱ्याला मजकूर मीच सांगितला: 'येथे बिडी-सिगारेट ओढणाऱ्यास त्याच क्षणी बाहेर काढले जाईल.' चार दिवसांनी पाटी आली. निळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कृपया येथे धूम्रपान करू नये.' कृपया तर इतकं मोठं आणि इतकं वळणदार, की जणू लग्नपत्रिकाच. रंगारी जुना ओळखीचा, घरात उर्दू बोलणारा, माझ्याशी मराठीत. तो मान खाली घालून म्हणाला, "भाभी, शेठनी दुकानातून निरोप धाडल्ता. एवढं कडक बिलकुल नका लिहू म्हनले." शेठ म्हणजे आमचे हे. मी यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, देवाच्या दारात आलेल्या माणसाला बाहेर काढीन असं लिहायचं का?"

पाटी वरच्या खोलीत लागली. पहिल्याच चतुर्थीला कुणीतरी तिच्या खिळ्याला ओला टॉवेल अडकवला.

एवढं सगळं मी सोसत होते, कारण तोवर प्रश्न वासाचा आणि चादरींचा होता. पण मग आमची मुलगी बाळंतपणाला आली.

ती आमची एकुलती एक. लहानपणापासून तिला दमा. ढग आले, धूळ उडाली, कुठे फोडणी करपली, की तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागायचा. तिच्या शाळेच्या दप्तरात पाटी-पुस्तकाआधी औषधाचा पंप जायचा. लग्न मंठ्याला झालं, घर चांगलं, शेती चांगली, जावई शांत. सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, हिला दम लागला तर त्रास एकटीला होणार नाही, पोटातल्या बाळालाही हवा कमी पडेल. धुरापासून जपा. मी म्हटलं, जपते.

घरी येऊन यांना सांगितलं, आता बाळंतपण होईपर्यंत खोल्या बंद. हे म्हणाले, "बराबर हाये. फक्त अंगारकीचं सांगून बसलोय. तीन माणसं हायेत, दरवर्षीची. भक्त लोक हायेत, त्यांचा काय त्रास?" मी म्हटलं, फोन करून नाही म्हणा. यांनी फोन केला. माझ्यासमोर केला. पंधरा मिनिटं बोलले, त्यांच्या घरच्या सगळ्यांची चौकशी केली, पाऊसपाण्याचं विचारलं, आणि शेवटी म्हणाले, "या मंग, वाट पाहून राह्यलो."

अंगारकीला ते तिघे आले. जिरं न चालणारा माणूस त्यांच्यातलाच, वयानं मोठा, गळ्यात उपरणं. खिचडीचं ताट हातात असतानाच मी त्याला म्हटलं, "दादा, जिन्यात ओढू नका. खाली पोरगी हाये, पोटुशी हाये. तिला दमा हाये."

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, म्हणून तर खोलीत न्हाई ओढली. पाटी खोलीत लावलीये ना तुम्ही."

आमचा जिना घराच्या आतून आहे. बांधताना मी बाहेरून काढा म्हणून डोकं फोडलं होतं, ती गोष्ट वेगळी. त्या जिन्याच्या खालीच मुलीची खोली. पाटी वर असल्यामुळे त्याच्या मते खोली देवाची आणि जिना सरकारी. तरी त्यानं सिगारेट विझवली, सॉरी म्हणाला, आणि मी खाली आले. दुपार बरी गेली.

संध्याकाळी चंद्राची वाट बघणं सुरू झालं. ज्यांनी हा उपास केलाय त्यांना ठाऊक आहे, दिवस निघून जातो, पण दिवेलागणीपासून चंद्र निघेपर्यंतचा वेळ अंगावर येतो. आत माझे मोदक वाफेवर होते. ते तिघे घरामागे जाऊन उभे राहिले आणि भुकेनं डोकं दुखतंय म्हणून एकानं पेटवली, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. मुलीच्या खिडकीखाली. मी 'जिन्यात नको' म्हटलं होतं, खिडकीखाली नको असं म्हटलं नव्हतं.

मला तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला. तिच्या लग्नानंतर ती शिट्टी मी ऐकली नव्हती, पण आई ती विसरत नाही. मी धावले. ती पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर-खाली होत होते, आणि तोंड उघडं. पंप हातात धरता येत नव्हता. मी पंप तोंडाशी धरला, खिडकी लावली, तिला उठवून पुढच्या अंगणात खुर्चीवर आणून बसवलं. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी मनगटात रुतली. हळूहळू शिट्टी कमी झाली. पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "हलतंय." तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

मग मी मागे गेले आणि म्हटलं, "बॅगा भरा."

आरडाओरडा ऐकून हे दुकानातून आले, हातात दुर्वांची जुडी तशीच. यांना काय झालं ते सांगितलं. यांचा चेहरा उतरला, मुलीकडे गेले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि परत येऊन मला हळूच म्हणाले, "अगं, पन चंद्र न्हाई निघला अजून. उपाशी माणूस दारातून कसा काढायचा?"

हे काही यांनी तिथल्या तिथे काढलेलं नव्हतं. या घरात चतुर्थीचा उपास असलेला माणूस चंद्र पाहून, दोन घास खाऊनच दाराबाहेर पडतो. सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं आणि मीही ते आजवर पाळलं होतं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही मी मोदक वाढले आहेत. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर राग आणखी चढला.

मी म्हटलं, "कशाचा उपास? सकाळपासून तोंडात विस्तव घेऊन बसलेत. ह्यांचा उपास पहिल्या सिगारेटलाच मोडला. उपाशी कोणी न्हाईच इथं."

उपरणंवाल्याला बॅगा भरायला सांगितल्याचं इतकं लागलं नव्हतं, जितकं हे लागलं. "सिगारेटनं उपास मोडत न्हाई वहिनी! कोणालाबी इचारा!" आणि त्यानं खरंच विचारलं. देवळाकडून उतरणारे लोक थांबले. एक म्हणाला, धूर पोटात जात न्हाई, सबब चालतो. दुसरा म्हणाला, तंबाखू न्हाई चालत, सिगारेट चालती. तिसऱ्यानं चहाचं काढलं. एका बाईनं मिसरीचं विचारून घेतलं, लगेहात तिचाही निकाल लागावा म्हणून. माझी पोरगी दहा पावलांवर खुर्चीत बसून श्वास ओढत होती, आणि अख्खा रस्ता उपासाला काय चालतं ते ठरवत होता. तिच्याकडे एकानंही पाहिलं नाही. मला आजही त्या माणसांचे चेहरे आठवले की कानशिलं तापतात. देवाला जाऊन आलेली माणसं होती ती!

शेवटी मी बॅगा स्वतः आणून ओट्यावर ठेवल्या. यांनी त्या उचलल्या आणि पाव्हण्यांना पलीकडच्या आळीत ओळखीच्या घरी पोचवून आले. जाताना फडक्यात मोदक बांधून नेले. मला दिसलं, पण मी बोलले नाही. तेवढं सासूबाईंसाठी सोडलं.

जेवणं झाल्यावर मुलीजवळ बसले. मला वाटलं, ती म्हणेल आई, बरं केलंस. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं बरंय आई. तुला बाहेर काढता येतं."

मी विचारलं, म्हणजे?

मग एकेक बाहेर आलं. मंठ्याला तिचे सासरे बिडी ओढतात, हे आम्हाला माहीत होतं, तो काही गुन्हा नव्हे. पण ते ओढतात घरात. मधल्या खोलीत पलंगावर बसून, टीव्ही बघत, दार-खिडक्या लावून. ती पाणी द्यायला गेली, जेवण वाढायला गेली, की धूर. दम लागला की ही गच्चीवर जाते. पंप न्हाणीघरात जाऊन घेते, नळ सोडून, कोणाला आवाज जाऊ नये म्हणून. "काहून?" मी ओरडलेच. "दमा आहे ते लग्नाआधी सांगितलंय की आपण!" ती म्हणाली, "सांगितलंय. पन रोज रोज दिसलं तर म्हनतील, पोरगी आजारीच दिली." आणि जावई? जावई खिडकी उघडतो. सासरे म्हणतात, डास येऊन राह्यले, लाव. तो लावतो.

"आता बाळ घेऊन जायचंय तिथं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलं नाही. राग तर इतका, की भांडी घासताना भांड्यांना पोचे पडावेत. पण तो काढायचा कुणावर? वरच्या खोलीतल्या माणसाला मी बॅग भरायला सांगू शकते. व्याह्यांना काय सांगणार? आमच्याकडे व्याह्यांना इवाई म्हणतात, आणि इवाई म्हणजे पाव्हण्यांचा पाव्हणा. मुलीच्या बापानं त्यांच्यासमोर पायावर पाय टाकून बसू नये असा रिवाज. साखरपुड्यात त्यांनी बिडी तोंडात धरली तेव्हा आमच्या यांनी पुढे वाकून काडी ओढून दिली होती. मान असतो तो. सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांना बरं वाटलं. मी यांना मंठ्याचं सगळं सांगितलं. हे ऐकून घेत राहिले, दुकानाच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करत राहिले, आणि उठून गेले. मला वाटलं, झालं. इवाई हायेत, जाऊ दे.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाळाच्या श्वासाकडे कान लावून बसायची मला सवयच लागली. रात्रंदिवस तेवढाच एक आवाज ऐकायचा.

बारशाला मंठ्याची मंडळी आली. पाळणा झाला, नाव ठेवलं, जेवणं झाली. बायका आत, पुरुष बाहेरच्या खोलीत. पाळणा त्याच खोलीत, कोपऱ्यात, कारण तिथे वारा बरा. मी चुलीपाशी होते. व्याह्यांचा आवाज आला, "इवाई, जरा काडीपेटी द्या."

आणि मागून यांचा, "अगं, काडीपेटी आण."

काडीपेटी माझ्या हातातच होती. मी दारापर्यंत आले. व्याही गादीवर लोडाला टेकून, बिडी ओठांत. जावई जमिनीकडे बघत. माझी मुलगी आतल्या दारात उभी, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की तिनं काही बोलायची गरज नव्हती. मला, जिनं भर रस्त्यात गावाशी भांडण घेतलं तिला, तोंड उघडता येईना. मी बोलून मोकळी होईन, भोगेल ती. काडीपेटी हातात धरून मी नुसती उभी राहिले.

यांनी उठून माझ्या हातातून काडीपेटी घेतली. मला वाटलं, आता वाकतील. यांनी ती सदऱ्याच्या खिशात घातली आणि व्याह्यांच्या समोर जाऊन खाली बसले.

"इवाई," हे म्हणाले, "काडी मी आजवर दिली. आता न्हाई देणार."

व्याही हसले. त्यांना थट्टा वाटली. यांनी हात जोडले. "माझ्या पोरीला दम लागतो. तुमच्या घरी ती नळ सोडून, कोंडून घेऊन औषध घेती. हे मला म्हाईत नव्हतं. आता ही नात हाये. घरात ओढणार असाल तर सांगा, दोघींना मी इथंच ठेवतो. लोक काय म्हनायचं ते म्हनतील मला."

हात जोडलेलेच होते, आवाजही नेहमीचाच, गिऱ्हाइकाला नारळ निवडून देतानाचा. व्याह्यांनी बिडी ओठांतून काढली, सुनेकडे पाहिलं. कधी नव्हे ते नीट पाहिलं. मग उठून बाहेर गेले आणि चढापर्यंत जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा अंगणातल्या नळावर हात धुतले, चूळ भरली, आणि मग पाळण्याजवळ गेले. पण निघताना यांच्याशी बोलले नाहीत. माझ्याशीही नाही.

मुलगी पुढे यथावकाश मंठ्याला गेली. परवा तिचा फोन आला. मी पहिलं तेच विचारलं. ती म्हणाली, "आई, आता बाहेर ओट्यावर बसतात गं. सगळ्यांना सांगतात, माझ्याच घरात मला पाव्हणा करून ठेवला."

"दार लावून घेतात का?"

"न्हाई. दार उघडंच असतं. टीव्ही दिसला पायजे न्हाई का."

फोन स्पीकरवर होता, हे शेजारी बसून सगळं ऐकत होते. ठेवला तर हे जिन्यावरून उतरत होते. हातात वरच्या खोलीतली पाटी, खिळ्यासकट. यांनी ती फडक्यानं पुसली आणि मला म्हणाले, "रविवारी मंठ्याला जाऊ. हे पिशवीत बसंल का बघ."

मी पाटी हातात घेतली. निळं कृपया अजून तसंच होतं, मोठं आणि वळणदार. रंगाऱ्याकडून ते पुसून घ्यावं असं एकदा मनात आलं. पण व्याह्यांच्या घरी न्यायची होती, म्हणून राहू दिलं.